फोनमधलं पवित्र शास्त्र आणि आजीचा ईयोब

बसमध्ये असाल, शेतात असाल, नाहीतर कंपनीतून शिफ्ट संपवून घरी निघाला असाल, हेडफोन नीट लावा. आजचा भाग थोडा घरचा आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून देतोय.

मी मुकुटबनचा. यवतमाळ जिल्हा, झरी जामणी तालुका. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे आमच्या बाजारात मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामीही कानावर पडते. रविवारी आम्ही काही घरं एका टिनाच्या खोलीत उपासनेला जमतो. म्हातारे जाड काळं पुस्तक आणतात, आम्ही पोरं फोनमध्ये ॲप उघडतो.

दोन वर्षांपूर्वी माझे काका आजारपणात गेले. पुढे एका प्रार्थनासभेत, कुठल्या ते सोडा, एक जण म्हणाले, "घरात विश्वास कमी पडला, म्हणून असं झालं." मी विचारलं, "मग ईयोबाचं काय? त्याचं तर काही चुकलं नव्हतं." उत्तर आलं, "शास्त्रावर प्रश्न विचारायचे नसतात." त्यानंतर मी चार-पाच महिने उपासनेला गेलोच नाही.

त्या महिन्यांत मी एक गोष्ट शोधत बसलो. आपल्या मराठीत हे पुस्तक आणलं कोणी? आणि ते लोक प्रश्न न विचारताच विश्वास ठेवत होते का?

सुरुवात ऐकून वैदर्भीय मंडळी खूश होतील. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे पंडित वैजनाथ यांनी मिळून केलेला मराठी नवा करार 1811 मध्ये छापून झाला. त्याची भाषा नागपूरकडची! मुंबईच्या बाजूला ती लोकांना नीट कळेना. मग 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतलं आणि 1826 मध्ये त्यांचा नवा करार आला. म्हणजे 'कोणाची मराठी खरी' हे आपलं भांडण तिथेही होतंच.

आता पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मुलींना संस्कृत शिकवणं पाप समजायचे, त्या काळात त्यांनी बायकोला आणि मुलीला शिकवलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आता त्या गप्प बसून ऐकतील असं तिथल्या लोकांना वाटलं असेल, तर तो गैरसमज होता. पटल्याशिवाय एकही सिद्धान्त स्वीकारणार नाही, ही त्यांची भूमिका. ज्या सिस्टरनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीच त्यांचा पत्रांतून वाद चालायचा. आणि गळ्यातल्या क्रूसावरची लॅटिन अक्षरं? रमाबाईंचं म्हणणं असं की लॅटिन ना मला कळतं, ना माझ्या लोकांना, मला तिथे संस्कृत हवं.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल मराठीत आणायचं, तेही सोप्या मराठीत, खेड्यातल्या बाईला वाचता येईल असं. टाइप जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल लोकांच्या हाती आलं.

दुसरे नारायण वामन टिळक. ही गोष्ट रेल्वेतली आहे. 1893 च्या सुमारास टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते पटलं नाही. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले, ते सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

याची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या काही वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आधी जातीपातीचा विचार स्वतःच्या डोक्याने केला आणि मग 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे, हसवत हसवत रडवणारं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन'ही पुढे त्यांनीच पूर्ण केलं.

टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांनी अभंग, भजनं लिहिली, आणि ती आजही मराठी उपासनेत म्हटली जातात. "तुमचा धर्म इंग्रजांचा," असं कॉलेजात कोणी म्हणालं की मला आता रमाबाईंचा क्रूस आठवतो.

आणि असे लोक लांब पुण्या-मुंबईकडेच होते असं नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून आपल्या यवतमाळातच होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं देशभरातून आलेली मुलं आपल्या जिल्ह्यात बसून हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करत होती.

हे सगळं एका संध्याकाळी मी आजीला सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "तू उपासनेला काऊन येत नाहीस ते माहीत आहे मले. ईयोब शेवटपर्यंत वाचला का बाप्पा?"

नव्हता वाचला. दोनच अध्याय वाचून भांडायला गेलो होतो.

मग रोज रात्री थोडं थोडं वाचलं. मी फोनमध्ये, आजी तिच्या पुस्तकात. शब्द कुठे कुठे वेगळे निघायचे, मग आम्ही थांबून दोन्ही ताडून बघायचो. ईयोब देवालाच जाब विचारतो, आणि मित्र म्हणत राहतात, तुझंच काही चुकलं असेल. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी खरं बोलला, तुम्ही नाही, असं सांगतो.

आजी चष्मा काढून बराच वेळ गप्प बसली. काका तिचा धाकटा मुलगा होता ना. मग म्हणाली, "त्या सभेतल्या माणसालेही वाचून दाखवजो. पण भांडू नको."

अजून दाखवलेलं नाही. रविवारी मात्र जायला लागलोय. प्रश्न संपले म्हणून नाही, प्रश्न घेऊन.

तुमच्या घरी जुनं पुस्तक असेल, कुठल्याही धर्माचं, तर या आठवड्यात एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून एक पान वाचा. काय झालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!