थॉमस, टोलेंटिनोचा
(? – ९ एप्रिल १३२१). ठाण्यात हौतात्म्य आलेला इटालियन फ्रान्सिस्कन साधू. मठवासीयांनी कडकडीत दारिद्र्य पाळावे, या हट्टापायी त्याच्याच संघाने त्याला तुरुंगात टाकले. सुटका १२८९ मध्ये. पुढे आर्मेनियात धर्मकार्य. चीनकडे निघालेले त्याचे गलबत प्रतिकूल वाऱ्याने ठाण्यास लागले व तो सोबतच्या साधूंसह एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरला. निमित्त क्षुल्लक होते: यजमान नवरा-बायकोचे भांडण काझीपुढे गेले, साधूंना साक्षीला बोलावले आणि तेथे धर्मावरच वाद पेटला. त्यातून थॉमस व त्याचे तीन सोबती मारले गेले. फ्रान्सिस्कन प्रवासी पोर्देनोनेच्या ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी थॉमसला ‘धन्य’ म्हणून मान्यता दिली.