जावयाचा ट्रान्झिस्टर

लग्नाच्या बैठकीतली मुलाकडची यादी पिढीगणिक बदलत गेली. आधी अंगठी आणि मनगटी घड्याळ, मग सायकल, मग रेडिओ, पुढे स्कूटर आणि टीव्ही. यांतल्या सोन्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. यंत्रांबद्दल जे लिहिले गेले ते कंपन्यांच्या आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासात. ते यंत्र कोणी कोणाला दिले, कोणत्या सणाला दिले आणि त्याचे पैसे कोठून आले, हा भाग बहुधा राहून जातो. या लेखासाठी त्यातले एकच यंत्र निवडले आहे, ट्रान्झिस्टर. त्याचे कारण असे की हे यंत्र बाजारात आले तेच मुळी सणाची भेट म्हणून. आणि आपल्याकडे ते घराघरांत शिरले, त्यातही सणाचा वाटा मोठा होता.

नाताळची मुदत

ट्रान्झिस्टर या सुट्या भागाचा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७मध्ये लागला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली या तिघांना त्याबद्दल पुढे १९५६चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण पहिली काही वर्षे हा भाग महाग होता. तो लष्कराच्या उपकरणांत आणि कर्णबधिरांच्या श्रवणयंत्रांत वापरला जाई. डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीला त्यासाठी मोठी बाजारपेठ हवी होती. तिचे एक प्रमुख पॅट्रिक हॅगर्टी यांनी ठरवले की खिशात मावणारा रेडिओ काढायचा आणि तो १९५४च्या नाताळाआधी दुकानांत पोहोचवायचा. इंडियानापोलिसची एक छोटी कंपनी जोडीला आली. दोघांनी मिळून जेमतेम काही महिन्यांत ‘रीजन्सी टीआर-वन’ हा संच तयार केला. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी तो जाहीर झाला आणि नोव्हेंबरात विक्रीला आला.

संच साधारण पाच इंच उंच आणि तीन इंच रुंद होता. आत चारच ट्रान्झिस्टर होते, कारण जास्त घातले असते तर किंमत झेपली नसती. तरीही ती ४९ डॉलर ९५ सेंट होती, आणि कानाला लावायच्या यंत्राचे पैसे वेगळे. आवाज यथातथाच होता. त्या पैशांत व्हॉल्व्हचा याहून बरा रेडिओ मिळत असे. तरी वर्षभरात सुमारे एक लाख संच खपले.

असा संच कोणी स्वतःसाठी, काटकसरीचा हिशेब मांडून, सहसा घेणार नाही. पण नाताळच्या झाडाखाली ठेवायला तो उत्तम. आईबापांनी तो मुलांना दिला. बैठकीच्या खोलीत सगळ्या घराने मिळून ऐकायचा रेडिओ आता मुलाच्या उशाशी गेला आणि त्याला हवी ती गाणी तो एकट्याने ऐकू लागला.

त्याच काळातला आणखी एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. आयबीएमचे थॉमस वॉटसन धाकटे यांना कंपनीची गणकयंत्रे ट्रान्झिस्टरवर आणायची होती, पण त्यांचे अभियंते कुरकुरत होते. वॉटसन यांनी शंभराहून अधिक रीजन्सी संच विकत घेतले. कोणी अभियंता शंका काढू लागला की ते त्याच्या हातात एक संच ठेवत. देणाऱ्याची अपेक्षा भेटीबरोबर हातात येते ती अशी. आपल्याकडे ही रीत नवी नव्हती. फक्त येथे अपेक्षा घेणाऱ्याची असे आणि हात देणाऱ्याचा.

माजघरातला रेडिओ

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे, तो टपाल कचेरीत मिळे आणि दर वर्षी नवा करावा लागे. त्या पुस्तिका जुन्या बाजारात आजही हाताला लागतात. आत घराच्या कर्त्याचे नाव असते आणि वर्षागणिक चिकटवलेली शुल्काची तिकिटे असतात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा आकाशवाणी केंद्रे आली आणि त्यांचा आवाज जेमतेम अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत होता.

व्हॉल्व्हचा रेडिओ हा लाकडी पेटीतला, भिंतीतल्या विजेवर चालणारा, छतावर एरियलची तार बांधावी लागणारा जिन्नस. त्याला फळी लागे, वर भरतकामाचा पडदा लागे. ज्याच्याकडे तो असे त्याच्या ओटीवर शेजारपाजार जमे. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीने वर्षभर गीतरामायण प्रसारित केले. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत ऐकायला लोक अशाच दुसऱ्याच्या घरी बसत. १९५६मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवून पाहिली. तेथेही एका संचाभोवती गाव बसे, कार्यक्रम ऐके आणि नंतर चर्चा करी.

असा रेडिओ जावयाला देणे अवघड होते. किंमत हा एक अडथळा होताच. पण जावयाच्या गावी वीज नसेल तर ती पेटी काय कामाची? शिवाय दिवाळसणाची भेट पाहुण्याने परत जाताना सोबत न्यायची असते. आळीने ती पाहिली पाहिजे आणि गावी उतरल्यावर तिथल्यांनीही पाहिली पाहिजे. अंगठी, घड्याळ, सायकल या तिन्ही वस्तू या कसोटीला उतरत. लाकडी रेडिओ उतरत नव्हता.

मांडीवरून गावी

अमेरिकेत निघालेले हे यंत्र पुढे जपानने जगभर नेले. सोनीचा ‘टीआर-सिक्स्टीथ्री’ १९५७मध्ये आला. तो सदऱ्याच्या नेहमीच्या खिशाहून किंचित मोठा होता, म्हणून विक्रेत्यांना मोठ्या खिशांचे सदरे शिवून दिले, अशी आठवण अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. भारतात त्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक बंधने होती. १९६०च्या दशकात मात्र देशी संच तयार होऊ लागले. ठाण्याच्या मर्फीचे नाव आणि तिचे बाळ घरोघरी ओळखीचे झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळू लागले आणि जोडकाम करणारे कारागीर तयार झाले.

ट्रान्झिस्टरला वीज लागत नव्हती. चार सेल घातले की तो बांधावर, गोठ्यात, एसटीत कोठेही चाले. सेल उतरले की ते उन्हात ठेवून आणखी थोडे चालवायचे, हा घरगुती उपाय सर्वांना ठाऊक होता. भोके पाडलेले चामडी वेष्टन आणि खांद्याला अडकवायचा पट्टा, अशा थाटात तो घराबाहेर पडे. पाडव्याला सासुरवाडीहून निघालेला जावई एसटीत तो मांडीवर घेऊन बसू शकत होता. लग्नात नाही जमले, पण दिवाळसणाला बघू, अशी जी बोली होई तिच्यात ट्रान्झिस्टर नेमका बसला. मुलाकडचे थांबायला तयार होत आणि मुलीच्या बापाला सुगीपर्यंतचे, नाहीतर बोनसपर्यंतचे चार-सहा महिने मिळत.

भेट देणाऱ्याची जबाबदारी तेथे संपे, परवान्याची नव्हे. संच ज्याच्या घरी त्याने परवाना काढायचा, म्हणजे पुस्तिकेवर नाव जावयाचे लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यात ही परवानापद्धत पूर्ण बंद झाली. तोवरच्या कागदांत रेडिओ जावयाच्या नावाचा आहे. ज्याने पैसे दिले तो सासरा त्यात कोठे दिसत नाही. जिच्या लग्नापायी तो आला ती मुलगीही दिसत नाही. दुपारी घरातले पुरुष बाहेर गेले की ‘वनिता मंडळ’ ऐकणारी बहुधा तीच असे. पण सकाळी बातम्यांना आणि क्रिकेटच्या समालोचनाला काटा फिरवण्याचा हक्क दुसऱ्याचा होता.

कायद्याने काय पाहिले

ट्रान्झिस्टर आपल्याकडे रुळू लागला त्याच वेळी हुंडाबंदीचा कायदा आला. त्यावर दोन्ही सभागृहांचे एकमत होईना, म्हणून मे १९६१मध्ये संसदेची संयुक्त बैठक घ्यावी लागली. १ जुलै १९६१पासून तो लागू झाला. पण त्याच्या व्याख्येला एक स्पष्टीकरण जोडले होते. लग्नाच्या वेळी रोख, दागिने, कपडे किंवा इतर वस्तूंच्या रूपाने दिलेल्या भेटी, त्या लग्नाचा मोबदला म्हणून दिलेल्या नसतील तर, हुंडा ठरणार नाहीत. घड्याळ, सायकल, रेडिओ हे सगळे ‘इतर वस्तू’ या दोन शब्दांत मावत होते. मोबदला आहे की प्रेम आहे, हे सिद्ध कोण करणार?

१९८४च्या दुरुस्तीने ते स्पष्टीकरण काढून टाकले. मागणी न करता दिलेल्या भेटींना मुभा राहिली, पण त्यांची यादी करायची अट आली. २ ऑक्टोबर १९८५पासून लागू झालेल्या नियमांनुसार या यादीत प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे असते आणि खाली वधू व वर दोघांनीही सही करायची असते. मुलीकडून वराला गेलेली भेट रूढीप्रमाणे असावी आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने ती अवाजवी नसावी, असेही कायदा सांगतो. अशी रीतसर यादी आपल्यापैकी किती लग्नांत झाली, हे ज्याने-त्याने आठवून पाहावे.

दिवाळसण तर या यादीतही येत नाही. यादी लग्नाच्या वेळच्या भेटींची, आणि दिवाळी त्यानंतर काही महिन्यांनी. लग्नासंबंधात नंतर केव्हाही केलेली मागणी १९८६च्या दुरुस्तीनंतर हुंड्याच्या व्याख्येत येते. पण सत्वीर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की मूल जन्मल्यावर किंवा इतर समारंभांत रूढीने होणारी देणी हुंड्यात मोडत नाहीत. म्हणजे मागितले तर गुन्हा आणि रूढीने दिले तर सण. आमच्या दिवाळसणाची बरीचशी यंत्रे या दोहोंच्या मधल्या जागेतून गेली. कोणी तोंडाने मागत नव्हते आणि द्यायचे ते सगळ्यांना माहीत असे.

वहीतला हिशेब

त्यानंतर वस्तू बदलल्या. १९७२मध्ये बजाजची चेतक आली, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, म्हणून मुलगी उपवर होण्याआधीच नोंदणी करून ठेवणारे बापही होते. १९८७मध्ये टायटनची घड्याळे बाजारात आली आणि भेट म्हणूनच त्यांची जाहिरात होऊ लागली. आज मोबाइल फोन हप्त्यांवर मिळतो. दुकानदाराच्या फलकावर दिवाळीची सूट असते, आणि कोणी कोणाला द्यायचा हे मात्र घरातच ठरलेले असते.

आपले दिवाळी अंकही या व्यवहाराचे जुने साक्षीदार आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मजकुराच्या शेजारी जाहिराती आहेत. त्यांवरून कोणते यंत्र कधी आले आणि त्याची किंमत काय होती, हे नीट लावता येते. पण जाहिरातीत वस्तू घेणारा नेहमी हसतमुख असतो. देणाऱ्याने काय मोडले, कोणाकडून उसने घेतले, ते तेथे सापडत नाही.

ते सापडते लग्नखर्चाच्या वह्यांत. लाल कापडी बांधणीची वही, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. लग्नाची पाने संपल्यावर पुढे कोठेतरी ‘दिवाळसण’ असे शीर्षक येते, खाली ट्रान्झिस्टर आणि सेल यांची रक्कम, आणि समोरच्या बाजूला सोसायटीचे कर्ज किंवा एखाद्या मामाचे नाव. तुमच्या माळ्यावर अशी वही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत देऊ नका. तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि घरातल्या वयस्कर बाईला विचारा की ती यादी कोणी केली होती आणि ते कर्ज कधी फिटले. ट्रान्झिस्टर आता कोणाकडे उरलेला नाही, पण हे सांगू शकणाऱ्या बायका अजून आहेत.