तलवारीची मूठ व जपानी त्सुबा : कालनिर्णयाचा एक प्रश्न

सेनगांवसारख्या गांवीं जुन्या घरांत तलवार आढळली म्हणजे संग्राहक प्रथम पात्यावरील लेख वाचतो व त्यावरून सबंध हत्याराचा काल ठरवितो. हा प्रघात आम्हांस सदोष वाटतो.

जपानी तलवारीचा हस्तरक्षक, म्हणजे त्सुबा, ही पात्याच्या मुठींत शिरणाऱ्या टोंकावर ओविलेली स्वतंत्र चकती होय. ती काढून दुसऱ्या पात्यास बसवितां येते. 1876 सालीं जपानांत सर्वसाधारण लोकांस तलवार बाळगून फिरण्याची मनाई झाली. पुढें अशा सुट्या चकत्या बाजारांत आल्या व युरोप-अमेरिकेंतील संग्राहकांनीं त्या जमविल्या. चकतीवर कारागिराची सही असली तरी ती चकतीपुरतीच प्रमाण.

मराठी तलवारीची घडण वेगळी. परज, म्हणजे बोटांपुढील वळलेली पट्टी, बहुधा मुठीशीं एकजीव असते. पातें मात्र मुठींत राळेनें पक्कें केलेलें असतें. तापविल्यास राळ सुटते व जुन्या मुठींत दुसरें पातें बसतें. फिरंगेंत तर पातें युरोपीय किंवा त्या धर्तीचें, मूठ मात्र एतद्देशीय. तेव्हां पात्यावरील परदेशी छापावरून मुठीचा काल काढणें व्यर्थ.

सेनगांवचा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता व हिंगोलीस कंटिंजंट फौजेची छावणी होती. अशा मुलखांत हत्यारें हातोहात फिरणें साहजिकच. म्हणून खंडेनवमीस पूजेंत मांडलेली तलवार पाहतांना मूठ व पातें यांच्या नोंदी स्वतंत्र कराव्या, अशी आमची विनंती आहे. राळ सोडविण्याचा मोह मात्र टाळावा. जोडणी एकदां सुटली कीं तो पुरावा पुन्हां मिळत नाहीं.