व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि कोल्हापूरचे मिस्त्री

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९५४ साली मुंबईतील आपला मोटारी जोडण्याचा कारखाना बंद केला. १९२८ पासून तो चालू होता. सुटे भाग जे येथेच बनवतील त्यांनीच या धंद्यात राहावे, असे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले होते. कंपनी गेली, पण तिच्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. त्यांचे इंजिन थकले की नवे आणणे दुरापास्त. आहे तेच उघडून पुन्हा उभे करायचे.

या कामाला कोल्हापूरची जमीन आधीच तयार होती. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच्या कितीतरी आधी बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला होता. म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही कारागीर आदराने घेतात. पुढे उद्यमनगरात ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिने यांचा पसारा वाढला. नदीकाठच्या उसाला पाणी पाजणारी इंजिने आणि मोटारी एकाच मिस्त्रीच्या हाताखालून जात.

असे इंजिन उघडून हेड उतरवले की व्हॉल्व्ह दिसतात. ते घासून सीटवर बसवायचे, गाइड ढिले असतील तर बदलायचे, एवढे सगळ्यांना पटते. प्रश्न येतो तो स्प्रिंगचा. ती तर धडधाकट दिसते. मग ती बदलायची कशाला?

थोडा हिशेब करू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर स्प्रिंग मिनिटाला १५०० वेळा दबते, तासाला ९०,००० वेळा. पाचशे तासांत साडेचार कोटी वेळा! पोलाद एका झटक्यात मोडणार नाही इतक्या कमी बलानेही, तेच बल पुनःपुन्हा लावल्यास मोडते. हे आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. सुरुवात बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून होते. म्हणूनच १९३०च्या सुमारास अमेरिकेत ब्यूइक मोटारीच्या अभियंत्यांना लक्षात आलेली गोष्ट महत्त्वाची ठरली: स्प्रिंगवर पोलादी छऱ्यांचा मारा केला की ती जास्त टिकते. छऱ्यांमुळे वरचा थर दाबाखाली राहतो, आणि दाबाखालच्या थरात तडा सहज उघडत नाही.

स्प्रिंग मोडली तर काय होईल, हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून आहे. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, डोके वर करून उभे असत. स्प्रिंग गेली तर इंजिन धडधडे, पण व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येत नसे. १९२९ पासूनच्या सहा सिलिंडरच्या शेवरोलेटमध्ये मात्र ते हेडमध्ये उलटे टांगलेले होते. तेथे स्प्रिंगच व्हॉल्व्हला वर ओढून धरते. ती तुटली आणि वरचे लॉक सुटले, की व्हॉल्व्ह खाली पडतो आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो. स्वस्तातली स्प्रिंग वाचवायला जावे आणि पिस्टन, हेड, कधी सिलिंडरही गमवावे! पंपाच्या इंजिनाचे असे झाले तर वर उभा ऊस वाळतो तो वेगळाच.

न मोडताही स्प्रिंग दगा देते. उष्णतेने आणि सततच्या दाबाने तिची मोकळी लांबी कमी होते. कारागीर म्हणतात, स्प्रिंग 'बसली'. व्हॉल्व्हला मागे आणायला लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या संथ शेती-इंजिनाला जी स्प्रिंग पुरते, तिच्यावर तोच व्हॉल्व्ह ३२५० फेऱ्यांना चालवायचा तर पंचवीसपट बल हवे. संथ इंजिनात जुनी स्प्रिंग वर्षानुवर्षे चालते ती यामुळे, आणि मोटारीत तोच कंजूषपणा महागात पडतो. जोर कमी पडला की व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून तरंगत राहतो, गॅस निसटतो आणि चढावर गाडी दम तोडते.

काहीजण बसलेल्या स्प्रिंगखाली वॉशर घालतात. जोर वाढतो, हे खरे. पण थकलेले पोलाद त्याने तरुण होत नाही. उलट वॉशर जाड झाला तर वेटोळी एकमेकांना भिडून स्प्रिंग लवकर मोडते. आमच्या मते ही युक्ती रस्त्यात अडल्यावरची आहे, हेड उघडून बसल्यावरची नव्हे.

स्प्रिंग तपासण्याची मिस्त्रींची एक रीत वर्गात जरूर दाखवावी. जुनी आणि नवी स्प्रिंग एकापुढे एक ठेवून व्हाइसमध्ये हळूहळू दाबायची. दोन्ही एका रांगेत असल्याने दोघींवरचे बल सारखेच असते. मोजपट्टीने दोघींची लांबी पाहा: जी जास्त आखडली ती कमजोर. रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम येथे तराजूशिवाय दिसतो. स्प्रिंगा निसटून उडू नयेत म्हणून मधून एक सळई घालावी आणि मुलांना व्हाइसच्या समोर उभे करू नये. गॅरेजमध्ये मागितल्यास जुन्या स्प्रिंगा बहुधा फुकट मिळतात; एकाच इंजिनातल्या सगळ्या मागाव्यात, म्हणजे मोकळ्या लांब्यांचा तक्ताही करता येईल.