आरोग्यसेवेची खालची पायरी

आरोग्यसेवेच्या भवितव्याची चर्चा बहुधा यंत्रांपासून सुरू होते. छातीचे क्ष-किरणचित्र संगणक वाचू लागला, रक्तातील साखर घरच्या घरी मोजता येऊ लागली, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी यंत्रमानवाचे हात आले. हे सारे खरे आहे. पण वर्गात 'मोठेपणी डॉक्टर होणार' असे सांगणाऱ्या मुलामुलींपुढे आम्ही एक वेगळा प्रश्न ठेवू इच्छितो. जो डॉक्टर नाही त्याच्या हाती आरोग्याचे किती काम द्यावे, आणि त्या कामाला नोकरी म्हणावे की सेवा? आपल्या देशात या प्रश्नाला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक आरोग्य समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यातील आकडे आज वाचले तरी मन खिन्न होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका! नोंदणी झालेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते. त्यांपैकी विद्यापीठाचे पदवीधर १७,६०० च्या आसपास, आणि बाकीचे जवळजवळ ३०,००० 'लायसेन्शिएट', म्हणजे मेडिकल स्कूलमधून पदविका घेतलेले. दर पाच डॉक्टरांपैकी तीन जण या दुसऱ्या वर्गातले होते. समितीच्या बहुमताने ठरविले की यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, आणि तो पदवीधर असावा. गरिबाला हलक्या दर्जाचा डॉक्टर का, हा त्यामागचा विचार उदात्त होता. काही सदस्यांनी मात्र आपले वेगळे मत नोंदवले. डॉक्टरांची इतकी टंचाई असताना लायसेन्शिएट बंद करू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. मेडिकल स्कूले बंद झाली किंवा त्यांची महाविद्यालये झाली. पुण्याचे बै. जी. मेडिकल स्कूल १९४६ मध्येच महाविद्यालय झाले.

पदवीधर वाढले, पण ते राहिले शहरांत. खेड्यातली जागा मोकळीच राहिली, आणि पुढचा सगळा इतिहास ही मोकळी जागा भरण्याच्या खटपटींचा आहे.

त्यातली एक मोठी खटपट महाराष्ट्रातच झाली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले. सुरुवातीला त्यांनी गावोगावी परिचारिका ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. एकट्या स्त्रीने परक्या गावात राहायचे कसे, आणि गावाने तिचे ऐकायचे का? मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, काही दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात जाऊन करत. बाळंतपण, मुलांची वजने, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी अशी ती कामे. जिच्या हातचे पाणीही काल चालत नव्हते, तिच्याकडे सवर्ण घरातून बाळंतपणासाठी बोलावणे येऊ लागले. ही गोष्ट आरोग्याच्या कोणत्याही कोष्टकात बसत नाही, पण आमच्या मते जामखेडचे मोठे काम तेच. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चीनमध्येही साठच्या दशकाच्या अखेरीस 'अनवाणी डॉक्टर' गाजत होते. त्या वाऱ्यात १९७५ च्या श्रीवास्तव समितीने समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते घेण्याची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्राने देशव्यापी योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे. निवड झाली ती मुख्यतः पुरुषांची. गावपुढाऱ्यांनी आपली माणसे पुढे केली हे उघड आहे. शिक्षकांनी लक्ष द्यावे ते नावांकडे. १९७७ मध्ये तो 'आरोग्य कार्यकर्ता' होता, १९८० मध्ये 'स्वयंसेवक' झाला आणि १९८१ मध्ये 'मार्गदर्शक'. कार्यकर्ता म्हटले की वेतन मागता येते, स्वयंसेवक म्हटले की फक्त आभार मिळतात. मानधन कित्येक वर्षे पन्नासच राहिले. अखेर २००२ मध्ये केंद्राने योजनेचा पैसा थांबवला.

याच काळात कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र आणि आपणा शिक्षकांना परिचित असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी आरोग्याकडे लक्ष वळवले होते. त्यांचा सहभाग असलेल्या अभ्यासगटाचा 'सर्वांसाठी आरोग्य' हा अहवाल १९८१ मध्ये आला. गावाने निवडलेला कार्यकर्ता हा पाया धरून वरची इमारत रचावी, असा त्याचा आग्रह होता. इमारत उलट्या क्रमाने बांधली जात राहिली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक पाऊल पुढे टाकले. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा, आणि दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक वेळा होत असेल तर धोका समजावा. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? मग एक साधे उपकरण बनले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. वर्गात मुलांकडून करवून घेण्याजोगे आहे हे, आणि त्यातून निदान म्हणजे काय तेही कळते. निदान म्हणजे पदवी नव्हे, नेमके निरीक्षण आणि ठरलेली मर्यादा.

पुढे ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला त्या इंजेक्शनही देत. तेथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. सरकारने घरभेटींची ही पद्धत २०११ मध्ये 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर नेली. एका बाळाच्या सहा-सात भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. सुई मात्र आशाच्या हाती दिली गेली नाही. २०१४ मध्ये ती सहायक परिचारिकेपर्यंत पोहोचली.

'आशा'ची योजना २००५ ची. हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच स्त्री, आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. कोविडच्या साथीत घरोघर फिरल्याबद्दल मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. दर्जाचा प्रश्न त्याआधीच निघाला होता. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती.

आता कामाचे स्वरूप बदलते आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षे होते, आज ते सत्तरच्या आसपास आहे. देवी गेली. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग, म्हातारपण आले. लस एकदा टोचून काम संपते, पण रक्तदाबाच्या रोग्याकडे वीस वर्षे जावे लागते. म्हणून तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरण्याचे काम आशाकडे आले. २०१८ पासून उपकेंद्रांत 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे नवे पद आले. महाराष्ट्रात त्यावर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने नेमले गेले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने मर्यादित परवान्याच्या वैद्यकसेवकाची तरतूद केली. १९४६ मध्ये बंद केलेले लायसेन्शिएटचे दार वेगळ्या नावाने किलकिले झाले, असे म्हणायला हरकत नाही.

आणि यंत्रे? क्षयाच्या तपासणीसाठी क्ष-किरणचित्र संगणकाने वाचावे, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केली. चित्र पाहणाऱ्या तज्ज्ञाचे काम त्यामुळे हलके होईल. पण खोकणाऱ्या माणसाला शेतावरून यंत्रापर्यंत आणणे, थुंकीची डबी नेणे आणि निदान झाल्यावर सहा महिने गोळ्या चालू राहतात ना हे पाहणे, ही कामे त्याच बाईकडे राहतील. तिच्या नियुक्तीच्या कागदावर आजही शब्द आहे 'स्वयंसेविका'.