मायादीप आणि हलतीं चित्रें

शिरूर किंवा दौंड येथील एखादा तरुण आज दुकानाचें संकेतस्थळ सजवावयास बसतो. संगणकाच्या पडद्यावर तो चित्र मांडतो, त्याची वाट आंखतो, आणि पाहणाऱ्यानें बोट ठेवतांच कळी उमलावी अशी योजना करतो. हें सारें चित्रें सरकवूनच साधतें. संगणकाची भाषा लिहावी लागतेच असें नाहीं. ही विद्या अगदीं कालची, असा आपला समज असतो. परंतु तिचा एक पूर्वज महाराष्ट्रांतच सांपडतो.

ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविला गेला. त्यापूर्वीं चार वर्षें, १८९२ सालीं, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला होता. शांबरिक म्हणजे मायावी, जादूगार. मॅजिक लँटर्नचें हें देशी नांव. मागें दिवा, पुढें भिंग आणि मध्यें हातानें रंगविलेली काच, एवढीच त्याची सामग्री. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर रंगवीत; त्या झपाट्यानें बदलल्या कीं पात्र हललें असें वाटे. जोडीला निवेदन आणि गायन असे. काच सरकविणारा माणूस प्रेक्षकांच्या सान्निध्यांतच असल्यामुळें हशा पिकला तर त्यास थांबतां येई, कथा रंगली तर हात आवरतां येई.

पुढें दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली, आणि १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटांत निर्जीव काड्यांना नाचविलें. चलनाचा भ्रम आतां अधिक सफाईदार झाला. पण फीत एकदां सुरू झाली कीं ती कोणासाठीं थांबत नसे. पाहणारा केवळ पाहणारा उरला.

संकेतस्थळावरील चित्र पुन्हां पाहणाऱ्याच्या बोटाकडे लक्ष देतें, हेंच त्याचें खरें नावीन्य. मात्र काच सरकविणारा जिवंत हात तेथें नाहीं. कोणत्या स्पर्शास कोणतें उत्तर द्यावयाचें, हें आधींच ठरवून ठेवावें लागतें. म्हणून योजकाची जबाबदारी वाढते. कांद्याचा भाव पाहावयास आलेल्या शेतकऱ्यापुढें फुलपांखरेंच नाचूं लागलीं आणि भाव मागें राहिला, तर ती कला नव्हे, अडथळा होय. कित्येकांस हलत्या चित्रांनीं भोवळ येते. ज्यांना तें नको, त्यांना चलन कमी करण्याची सोय आजच्या फोनांत असते. योजकानें ती मानली पाहिजे.

चित्र हलविणें आतां सोपें झालें आहे. तें कधीं हलवूं नये, हें जाणणें मात्र आजही तितकेंच अवघड आहे. आणि तें जाणण्यासाठीं पाहणाऱ्याच्या जागीं जाऊन बसावें लागतें.