१९९२ : विजेत्याचं नाव अँथनी रीड

अखिल जपान फॉर्म्युला थ्री स्पर्धेच्या विजेत्यांची यादी १९७९ मध्ये तोशिओ सुझुकीच्या नावाने सुरू होते आणि २०१९ मध्ये साशा फेनेस्ट्राझपाशी संपते. एक्केचाळीस हंगामांच्या या यादीत १९९२ समोर अँथनी रीड हे नाव आहे. त्या वर्षीच्या गुणतक्त्यात रीडच्या खाली, दुसऱ्या स्थानावर, जाक व्हिलनव्ह. निकालाबद्दल कसलाही वाद नाही. तरीही या हंगामाचा उल्लेख जिथे जिथे येतो, तिथे तो बहुतेक ‘व्हिलनव्ह जपानमध्ये होता ते वर्ष’ म्हणूनच येतो. दुसरा आलेला पुढे १९९७ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला आणि त्याच्या कीर्तीने मागे जाऊन १९९२ वरही आपला शिक्का मारला. हा शिक्का बाजूला ठेवून त्या वर्षाच्या कागदांतून ते वर्ष पुन्हा उभं करता येतं. ते करायला हवं, कारण जो जिंकला त्याच्यावर आपल्या स्मृतीने अन्याय केला आहे.

मोटार शर्यतीचा इतिहास लिहिणाऱ्याचं एक भाग्य असतं. प्रत्येक शर्यत आपल्यामागे कागद सोडून जाते: प्रवेशयादी, सरावाच्या वेळा, फेरीगणिक क्रम, निकालपत्रक. चालकाचं नाव, संघ, चासी, इंजिन सगळं रकान्यांत बसलेलं. या कागदांचा गुण असा, की ते लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. आत्मचरित्र आणि मुलाखती नंतर येतात. त्यांना शेवट माहीत असतो आणि त्या शेवटाकडे नेणारीच वाट त्या दाखवतात. म्हणून दोन्हींत विसंगती दिसली, की मी निकालपत्रकाच्या बाजूने उभा राहतो.

आता त्या स्पर्धेबद्दल थोडं. फॉर्म्युला थ्री म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालची, एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी. तेव्हा इंजिन जास्तीत जास्त दोन लिटरचं आणि मूळ रस्त्यावरच्या मोटारीच्या इंजिनावर बेतलेलं असे. हवा आत जाण्याचा मार्ग नियमाने अरुंद केलेला. त्यामुळे कितीही पैसा ओतला तरी ताकद एका मर्यादेपलीकडे वाढत नसे, आणि वळणावर वेग न गमावता बाहेर पडणं हेच चालकाचं खरं कौशल्य ठरत असे. जपानमध्ये इंजिनांची चढाओढ मुख्यतः दोन घरांत होती. एकीकडे टोयोटा. दुसरीकडे होंडाच्या इंजिनांवर काम करणारी मुगेन, जी सोइचिरो होंडांचा मुलगा हिरोतोशी याने १९७३ मध्ये काढली. मुगेनचं इंजिन तेव्हा जगभर गाजत होतं. १९९० ते १९९२ या तिन्ही वर्षी ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचे विजेते हाक्किनेन, बारिकेलो आणि दे फेरान याच इंजिनावर जिंकले. टोयोटाच्या बाजूने सर्वांत वजनदार संघ टॉम्सचा. नोबुहिदे ताची आणि कियोशी ओइवा यांनी तो १९७४ मध्ये स्थापला. इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यात या संघाची शाखा होती आणि तिथे तो स्वतःची चासी बांधत होता. १९९२ ची त्यांची गाडी ०३२एफ. नॉरफकमध्ये बांधलेली गाडी, जपानी इंजिन आणि चालवणारा कॅनडाचा नाहीतर स्वीडनचा: त्या काळच्या प्रवेशयादीतली अशी एक ओळदेखील पुष्कळ काही सांगून जाते.

हे परदेशी चालक जपानमध्ये का जमले होते, याचं उत्तर शर्यतीच्या कागदांत शोधू नये. ते शेअर बाजाराच्या आकड्यांत आहे. २९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियोचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. त्या फुगलेल्या काळात जपानी कंपन्यांनी मोटार शर्यतींत अफाट पैसा घातला होता. युरोपात तरुण चालकाला गाडी मिळवायची तर आधी पैसे आणावे लागत. जपानमध्ये चांगल्या चालकाला संघ पगार देत. एडी अर्वाइन, हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन, जॉनी हर्बर्ट असे चालक वरच्या पायरीवरच्या फॉर्म्युला ३००० मध्ये तिथेच शर्यती करत होते, आणि १९९२ चं त्या पायरीवरचं विजेतेपद इटलीच्या माउरो मार्तिनीने घेतलं.

पण तारीख पाहा. १८ ऑगस्ट १९९२ ला, हंगाम निम्म्याहून पुढे गेलेला असताना, तोच निर्देशांक १४,३०९ वर आला होता. फॉर्म्युला वनमधल्या लेटन हाउस संघाचे मालक अकिरा आकागी यांना त्याआधी, सप्टेंबर १९९१ मध्येच, बँकेच्या कर्जघोटाळ्यात अटक झाली होती. सप्टेंबर १९९२ मध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. हे सगळं घडत असताना फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या जाहिरातींनी नटून धावत होत्या. शर्यतींचे करार हंगामाआधी होतात, म्हणून बाजार कोसळल्याचा परिणाम ट्रॅकवर उशिरा दिसतो. १९९२ चा हंगाम असा पूर्वीच्या पैशावर आणि पूर्वीच्या उमेदीवर चाललेला हंगाम होता, असं या तारखा एकमेकींशेजारी ठेवल्यावर म्हणता येतं.

आता रीड. जन्म १७ मे १९५७, ग्लासगो. म्हणजे हंगाम संपला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. व्हिलनव्हचा जन्म ९ एप्रिल १९७१ चा. तो २१ वर्षांचा. विजेता आणि उपविजेता यांच्यात चौदा वर्षांचं अंतर! ही स्पर्धा होतकरू मुलांची, शिडीची एक पायरी, असं तिचं वर्णन सगळीकडे आढळतं. रीडची जन्मतारीख मात्र त्या वर्णनाला दुरुस्ती सुचवते. जपानमध्ये फॉर्म्युला थ्री ही शिडी होतीच, पण पगारावर काम करणाऱ्या जाणत्या चालकाचा तो व्यवसायही होता. पस्तिशीत पोचलेला माणूस फॉर्म्युला वनच्या दारावर टकटक करण्यासाठी तिथे आलेला नसतो. तो शर्यत जिंकायला आलेला असतो.

जपानशी रीडचा संबंध त्याआधीचा आहे आणि त्याचा पुरावा फ्रान्समध्ये सापडतो. १९९० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या दोन गाड्या पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या. त्यांच्यामागे तिसरी आली ती अल्फा रेसिंग टीम या जपानी संघाची पोर्श ९६२सी. ती चालवणारे तिघे होते टिफ नीडेल, डेव्हिड सीअर्स आणि अँथनी रीड. कारखान्याचे मोठे संघ भोवती असताना खासगी संघाने मिळवलेलं हे तिसरं स्थान होतं. चोवीस तासांच्या शर्यतीत गाडी जपावी लागते, टायर जपावे लागतात, केव्हा पुढे घुसायचं आणि केव्हा थांबायचं हे ओळखावं लागतं. वर्षभर चालणारी मालिकाही एका दिवसाच्या झळाळीवर जिंकता येत नाही. ल मान्सचा तो निकाल आणि जपानचा हा गुणतक्ता यांत मला एकाच स्वभावाचा माणूस दिसतो. हा माझा निष्कर्ष आहे. दोन्ही कागद मात्र ठाम आहेत.

व्हिलनव्हकडे वळू. इटलीच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये तीन हंगाम घालवूनही त्याचं सर्वांत चांगलं स्थान १९९१ मधलं सहावं होतं. तिथून तो टॉम्सकडे आला. जपानमध्ये त्याने तीन शर्यती जिंकल्या आणि वर्षाअखेर दुसरा आला. सहाव्यावरून दुसऱ्यावर ही मोठी झेप होती आणि तिचं मोल मी कमी करत नाही. ऑगस्टमध्ये तो मायदेशी त्रुआ-रिव्हिएरच्या रस्त्यांवर फॉर्म्युला अटलांटिकची एक शर्यत करायला गेला आणि तिसरा आला. याच गावात त्याचे वडील जील व्हिलनव्ह यांनी १९७६ मध्ये जेम्स हंटला मागे टाकून जगाचं लक्ष वेधलं होतं. त्या तिसऱ्या स्थानानंतर उत्तर अमेरिकेची दारं उघडली: १९९५ मध्ये इंडियानापोलिस ५०० आणि इंडीकारचं विजेतेपद, १९९६ मध्ये विल्यम्स.

जपानमध्ये त्याला आणखी एक गोष्ट मिळाली, जी कुठल्याच गुणतक्त्यात येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या शाळेतले शिक्षक क्रेग पोलॉक त्याला तिथे पुन्हा भेटले आणि पुढे त्याचे व्यवस्थापक झाले. याच पोलॉकांनी उभा केलेला बीएआर संघ १९९९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला, आणि त्यातून अनुक्रमे होंडा, ब्रॉन आणि आजचा मर्सिडीज संघ घडत गेला.

त्या हंगामाच्या ठिकाणांत फुजीचा ट्रॅकही होता. २३ ऑक्टोबर १९७७ रोजी, जपानच्या ग्रां प्रीत, फुजीच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला जील व्हिलनव्हची फेरारी रॉनी पीटरसनच्या सहा चाकी टिरेलवर आदळून उडाली आणि उभं राहण्यास बंदी असलेल्या जागेतल्या दोन माणसांवर कोसळली. दोघेही गेले. त्यानंतर २००७ पर्यंत फुजीवर फॉर्म्युला वन झालं नाही. जील स्वतः ८ मे १९८२ रोजी झोल्डरच्या अपघातात गेले. १९९२ मध्ये त्यांच्या मृत्यूला दहा वर्षं होत होती आणि मुलगा फुजीच्या त्याच सरळ रस्त्यावरून गाडी नेत होता. इथे मुलाच्या मनात शिरून पानं भरण्याचा मोह होतो आणि इतिहास लिहिणाऱ्याने तो आवरायलाच हवा. तारखा आणि जागा पुरेशा बोलक्या आहेत. त्या वर्षाने जाकच्या हाताला काय दिलं, याचा मात्र थेट पुरावा मिळतो: १९९६ आणि १९९७ या दोन्ही वर्षी सुझुकाच्या ग्रां प्रीत पोल पोझिशन त्याचीच होती. सुझुका हा होंडाने १९६२ मध्ये बांधलेला, इंग्रजी आठाच्या आकाराचा अवघड ट्रॅक त्याने टॉम्सच्या गाडीत बसून पाठ केला होता.

नोव्हेंबरमध्ये मकाऊ. वेगवेगळ्या देशांच्या फॉर्म्युला थ्री मालिकांतले चालक तेव्हा तिथे शहराच्या रस्त्यांवर एकत्र येत. १९९२ ची मकाऊ ग्रां प्री टॉम्स-टोयोटात बसलेल्या रिकार्ड रिडेलने जिंकली आणि व्हिलनव्ह तिसरा आला. हा निकाल हाती घेऊन कोणी म्हणेल, की टॉम्सची गाडीच त्या वर्षी सरस होती. तसं असेल, तर वर्षभर त्या गाड्यांशी झुंजून गुणतक्त्यात वर राहिलेल्या रीडचं विजेतेपद अधिकच वजनदार ठरतं.

पुढच्याच वर्षी दलाराची एफ३९३ ही चासी आली आणि बघता बघता तिने युरोपातल्या फॉर्म्युला थ्रीमधून राल्ट आणि रेनार्ड यांच्या चासींना बाहेर ढकललं. जपानमध्ये १९९३ चं विजेतेपद टॉम्सच्या टॉम क्रिस्टेन्सनकडे गेलं, जो पुढे ल मान्स नऊ वेळा जिंकला. १९९१ ला ब्राझीलच्या पाउलो कारकासीपासून सुरू झालेली परदेशी विजेत्यांची रांग १९९५ ला पेद्रो दे ला रोसापर्यंत अखंड चालली. १९९६ मध्ये जुइची वाकिसाकाने विजेतेपद पुन्हा जपानी नावावर आणलं.

रीड आणि रिडेल मात्र पुन्हा समोरासमोर आले. १९९८ च्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वो एस४० घेऊन रिडेल विजेता झाला आणि दुसरा आला निसान प्रिमेरातला, ४१ वर्षांचा अँथनी रीड. २००० मध्ये दोघे एकाच फोर्ड संघात होते. त्या वर्षी आलँ मेनू पहिला, रीड दुसरा आणि रिडेल तिसरा, असा तक्ता लागला.